दुसऱ्या तिकिटाचे पैसे कोण भरणार?

१९ एप्रिल २०२४ च्या सकाळी दीपक पुनिया आणि सुजीत कलकल हे दोन भारतीय कुस्तीगीर किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक इथे पोहोचले. पॅरिस ऑलिम्पिकसाठीची आशियाई पात्रता स्पर्धा त्याच दिवशी सुरू होत होती. ते पोहोचले तेव्हा वजन घेण्याची वेळ उलटून गेली होती. संयोजकांकडे विनंती झाली, पण नियम तो नियम. दोघांनाही मॅटवर उतरता आले नाही.

हे दोघे रशियातील दागेस्तानमध्ये सराव करून दुबईमार्गे निघाले होते. १६ एप्रिलला संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला आणि दुबईचा विमानतळ पाण्याखाली गेला. उड्डाणे रद्द झाली आणि दोन्ही मल्ल विमानतळावरच अडकले. बिश्केकला जाणारे विमान मिळेपर्यंत दिवस निघून गेले. ज्या स्पर्धेसाठी वर्षानुवर्षे घाम गाळला, ती स्पर्धा लढत न देताच संपली.

पावसाला दोष देऊन ही बातमी तिथेच संपवता येते, आणि बहुतेक माध्यमांनी ती तशीच संपवली. आम्हाला मात्र तिच्यात एक वेगळा प्रश्न दिसतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये आम्ही तरुणांसोबत काम करतो. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग, तायक्वांदो, धावणे अशा खेळांत आपली मुले-मुली जिल्हा आणि राज्य पातळीवर दिसतात. त्यातला एखादा देशाबाहेरच्या स्पर्धेला निवडला गेला की वस्तीत बॅनर लागतो, विहारात सत्कार होतो, वर्गणी निघते. त्या वर्गणीतून एक तिकीट येते. पण वाटेत उशीर झाला, विमान चुकले, व्हिसा वेळेत आला नाही, तर लागणारे दुसरे तिकीट कुठून येणार, हे कुणी विचारत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की उशीर कुणालाही होऊ शकतो, पण तो सोसण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. ती ताकद पैशांतून, ओळखीतून आणि पाठीशी उभ्या असलेल्या संस्थेतून येते. म्हणूनच परदेशी स्पर्धेसाठी मिळणारी मदत पहिल्या तिकिटावर थांबली, तर ती अर्धीच मदत ठरते.

ज्यांच्या पाठीशी व्यवस्था होती त्यांची गोष्ट

दीपक पुनिया हा टोकियो ऑलिम्पिकमध्ये पाचवा आलेला मल्ल. म्हणजे दुबईत अडकलेले हे खेळाडू अनोळखी नव्हते. राष्ट्रीय महासंघ, प्रशिक्षक, प्रसारमाध्यमे, सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते. संधी हुकल्यावर तीन आठवड्यांनी, मे महिन्यात इस्तंबूलला जागतिक पात्रता स्पर्धा होती आणि तिथे दोघेही उतरले. त्यांना पॅरिसचे दार उघडता आले नाही ही गोष्ट वेगळी. पण दुसरा प्रयत्न करण्यासाठी लागणारे तिकीट, व्हिसा, राहणे, प्रशिक्षक हे सगळे त्यांच्यासाठी उभे राहिले.

आता हाच प्रसंग कल्याण पूर्वेच्या चाळीतल्या एका मुलीवर आला असता तर? तिच्या हातातले तिकीट बहुधा सर्वांत स्वस्त, म्हणजे न परतावा मिळणारे आणि तारीख न बदलता येणारे असते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे जोडून प्रवास स्वस्त केलेला असतो. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीवर काहीही बंधन नसते. खिशात परकीय चलन जेमतेम असते. सोबत प्रशिक्षक नसतो, कारण त्याच्या तिकिटाचे पैसे जमलेले नसतात. विमानतळावरच्या काउंटरवर कुणाशी काय बोलायचे, लेखी काय मागायचे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. त्या वेळी ती स्पर्धेला मुकतेच, शिवाय वर्गणी देणाऱ्या माणसांसमोर मान खाली घालून परत येते. पुढच्या वर्षी तीच वस्ती पुन्हा वर्गणी देईल, याची खात्री नाही.

पाऊस नसतानाही उशीर होतो

उशीर म्हणजे हवामान, हा गैरसमज दूर करायला २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतला भारतीय फुटबॉल संघ पुरेसा आहे.

त्या वर्षी जुलैमध्ये क्रीडा मंत्रालयाने आधी संघाला परवानगीच नाकारली, कारण भारत आशियातल्या पहिल्या आठ संघांत नव्हता. मग टीका झाली, निकष शिथिल झाला आणि परवानगी मिळाली. त्यानंतर क्लब आणि महासंघ यांच्यात रस्सीखेच सुरू झाली. इंडियन सुपर लीगचा हंगाम २१ सप्टेंबरला सुरू होणार होता आणि आशियाई स्पर्धा फिफाच्या ठरलेल्या आंतरराष्ट्रीय दिवसांत बसत नव्हती. त्यामुळे खेळाडू सोडणे क्लबवर बंधनकारक नव्हते. यादी बनली, बदलली, पुन्हा बदलली. उशिरा नावे आल्यामुळे दोन खेळाडूंचे व्हिसा अडले. शेवटी संघ १८ सप्टेंबरच्या संध्याकाळी हांगझोऊला उतरला आणि दुसऱ्याच दिवशी, १९ सप्टेंबरला, यजमान चीनविरुद्ध मैदानात गेला. एकत्र सराव झालाच नव्हता. मध्यंतरापर्यंत राहुल के. पी. याच्या गोलमुळे १-१ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात पायांतली ताकद संपली आणि सामना १-५ असा हरला. तोच संघ थोडी विश्रांती मिळाल्यावर बांगलादेशविरुद्ध जिंकला आणि पुढच्या फेरीतही गेला.

या उशिरात वादळाचा काही हात नव्हता. फाईल, बैठक, यादी आणि सही या टेबलांवर तो तयार झाला आणि त्याची किंमत मैदानातल्या खेळाडूंच्या पायांनी चुकवली.

महिलांच्या वाट्याला याहून वाईट आले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानमध्ये ताश्कंदला पोहोचला होता. त्याच वेळी फिफाने भारतीय फुटबॉल महासंघावर निलंबनाची कारवाई केली. कारण होते महासंघाच्या कारभारातला बाहेरचा हस्तक्षेप. त्यात या मुलींचा काडीचाही संबंध नव्हता. संघ परदेशातल्या हॉटेलात थांबून राहिला आणि न खेळताच परतला. काही दिवसांतच, २६ ऑगस्टला, निलंबन उठले. पण तोवर त्यांची स्पर्धा हातची गेली होती.

जुलै २०२५ मध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत बारा भारतीय बॅडमिंटनपटू गेले. अधिकाऱ्यांनी सांघिक स्पर्धेसाठी सहाच नावे नीट नोंदवली आणि उरलेले सहा जण तिथे पोहोचूनही खेळू शकले नाहीत. संघाने कांस्यपदक जिंकले, पण त्या सहा जणांचा प्रवास वाया गेला. म्हणजे वेळेवर पोहोचणे हेसुद्धा पुरेसे नाही. तिथल्या टेबलावर आपल्या वतीने बोलणारा, कागद नीट भरणारा माणूस लागतो.

व्हिसाच्या खिडकीवर कोण अडतो

आपल्या तरुणांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे अशी घटना २०२२ मधली आहे. ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या पोंतेवेद्रा इथे २३ वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धा होती. भारताच्या तीस जणांच्या संघातल्या एकवीस जणांना स्पेनने व्हिसा नाकारला. कारण असे दिले गेले की हे लोक मुदत संपण्यापूर्वी देश सोडून परत जातील, याची खात्री वाटत नाही. नाकारलेल्यांमध्ये अंतिम पंघाल होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती २० वर्षांखालील जागतिक विजेती झाली होती. ज्या मोजक्यांना व्हिसा मिळाला त्यांत अमन सेहरावत होता. तो गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानेच कांस्य जिंकले. एकाच संघातले हे दोघे, पण एकाचा कागद पुढे सरकला आणि दुसरीचा अडला.

परत येण्याची खात्री कशावरून ठरते, हे समजून घेतले पाहिजे. बँकेतली शिल्लक, आयकराची विवरणपत्रे, नोकरीचे पत्र, घराची कागदपत्रे, आधीच्या परदेशवाऱ्या यांवरून ती ठरते. थोडक्यात, मायदेशी तुमच्या मालकीचे काय आहे, यावरून तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवले जाते. ज्याचा बाप कंत्राटी सफाई कामगार आहे, आई घरकाम करते, घर भाड्याचे किंवा पुनर्वसनाच्या वादात अडकलेले आहे, त्याच्याकडे या यादीतले काहीच नसते. त्याची गुणवत्ता मैदानावर कितीही सिद्ध झालेली असो, व्हिसाच्या खिडकीवर त्याची गरिबीच तपासली जाते. ही जातीच्या नावाने केलेली अडवणूक नाही. पण पिढ्यानपिढ्या जमीन, मालमत्ता आणि स्थिर नोकरी यांपासून कोण वंचित राहिले, हा प्रश्न विचारला की या खिडकीवर कोण अडतो, याचे उत्तरही मिळते.

आणि मग ओळखीचा प्रश्न येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेच्या तोंडावर ओडिशाचा भालाफेकपटू किशोर जेना याचा व्हिसा हंगेरीच्या दूतावासाने रद्द केला. नीरज चोप्राने समाजमाध्यमावर जाहीरपणे मदत मागितली, चक्रे फिरली, व्हिसा मिळाला. जेना तिथे पाचवा आला आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत त्याने रौप्य जिंकले. शेतकरी कुटुंबातल्या या खेळाडूचे कौतुक करतानाच आम्ही विचारतो, की ज्याच्यासाठी नीरज चोप्रा लिहिणार नाही, त्याने काय करायचे?

कधी खेळाडूच्या हातात काहीच नसते, हेही खरे. त्याच जुलैमध्ये चीनने अरुणाचल प्रदेशच्या न्येमान वांगसू, ओनिलू तेगा आणि मेपुंग लामगू या तीन वुशू खेळाडूंना साध्या व्हिसाऐवजी वेगळ्या कागदावर स्टेपल केलेला व्हिसा दिला. भारताने निषेध म्हणून चेंगदूच्या विद्यापीठ स्पर्धेतून वुशूचा सगळा संघच विमानतळावरून मागे बोलावला. सप्टेंबरच्या आशियाई स्पर्धेतही या तिघींना प्रवेश मिळाला नाही. दोन देशांच्या सीमावादात तिघी आदिवासी मुलींची दोन आंतरराष्ट्रीय स्पर्धांची संधी गेली. देशाने घेतलेली भूमिका समजू शकते. पण त्या तिघींची जी वर्षे गेली त्याची भरपाई कोणत्या खात्यातून होते?

महाराष्ट्राला हे नवे नाही

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले, तेव्हा अडचण विमानाची नव्हती, भाड्याची होती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. गावकऱ्यांनी जमेल तसे पैसे गोळा केले. तिथे दोन लढतींच्या मध्ये मिळायला हवी होती ती विश्रांती खाशाबांना मिळाली नाही आणि त्यावर हरकत घ्यायला भारताचा अधिकारी जागेवर नव्हता, ही हकिकत त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. तरीही ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. महाराष्ट्राच्या दुसऱ्या खेळाडूला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेला, वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला २०२४ उजाडावे लागले. मध्ये ७२ वर्षे गेली. स्वप्नीलच्या पाठीशी मध्य रेल्वेची नोकरी होती, हेही लक्षात ठेवायला हवे.

प्राचार्यांच्या घराची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ती सांगताना हेही म्हटले पाहिजे, की एका शिक्षकाला घर गहाण ठेवावे लागले ही त्याची थोरवी आहे आणि तेवढीच सरकारची नाचक्की आहे. ज्या गावात असा प्राचार्य नव्हता तिथला मल्ल कोण होता, ते आपल्याला कधीच कळणार नाही.

त्याहून जुनी गोष्ट पालवणकर बाळू यांची. चर्मकार समाजातले बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखण्याचे काम करत आणि नेटमध्ये गोलंदाजी करत. पुढे ते हिंदू संघाचे सर्वांत भेदक गोलंदाज झाले. तरी सुरुवातीच्या काळात त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. भारतीय क्रिकेट संघाने इंग्लंडला जावे ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली होती. पण हिंदू, पारशी आणि मुस्लिम पुढाऱ्यांमध्ये कुणाचे किती खेळाडू घ्यायचे यावरून वाद झाले आणि दौरा पुन्हा पुन्हा बारगळला. अखेर संघ गेला तो १९११ मध्ये. पहिल्या चर्चेच्या वेळी ऐन विशीत असलेले बाळू तोवर ३५ वर्षांचे झाले होते. तरीही त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. जागांसाठी भांडणारे पुढारी वेगळेच होते, पण गोलंदाजाच्या खांद्याची उमेदीची वर्षे त्यांच्या भांडणात खर्ची पडली. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. तो राजकीय मतभेद आपल्या जागी. खेळाडू म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे कमी होत नाही.

आपल्याकडे उशीर विमानतळाच्या आधीच सुरू होतो

आता कल्याण-डोंबिवलीकडे येऊ. आपल्या भागातला खेळाडू विमानात बसण्यापूर्वीच अनेक ठिकाणी थांबलेला असतो.

पहिला थांबा पासपोर्टचा. नवीन पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये, तत्काळसाठी आणखी २,००० रुपये. पैशापेक्षा जास्त त्रास नावाचा होतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त, आधारवर एक कमी. जन्मदाखल्यावर नावच नाही, फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी'. पत्ता जुन्या चाळीचा, आणि चाळ पाडलेली. पोलीस पडताळणीला माणूस येतो तेव्हा घरमालक भाडेकरूचा पत्ता मान्य करायला तयार नसतो. अठरा वर्षांखालील मुलीसाठी दोन्ही पालकांची संमती लागते. एकट्या आईला वेगळे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि ते द्यायचे असते हे तिला खिडकीवर गेल्यावर कळते. एक फेरी वाया जाते, एका दिवसाची मजुरी जाते.

दुसरा थांबा व्हिसाचा. युरोपच्या शेंगेन व्हिसाचे मोठ्यांसाठीचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. शिवाय किमान ३०,००० युरोचे विमा संरक्षण लागते. अर्जावर निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. निवड झाल्याचे पत्र जर स्पर्धेच्या वीस दिवस आधी हातात पडले, तर हे गणित सुरुवातीलाच चुकते. परदेशी शिष्यवृत्तीसाठी धडपडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. यादी उशिरा लागते आणि तोवर विद्यापीठाचा वर्ग सुरू झालेला असतो.

तिसरा थांबा रस्त्याचा. कल्याणहून मुंबई विमानतळ गाठायचा म्हणजे लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो, किंवा शिळफाट्याच्या कोंडीतून गाडी. रविवारी मेगाब्लॉक. गर्दीच्या वेळी किट बॅग घेऊन लोकलमध्ये चढणे म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक खेळाडूला ठाऊक आहे. डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे लोकलने मैदानावर जात असे, हे आपण कौतुकाने सांगतो. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि कल्याण-डोंबिवलीसाठी अंतर कमी झाले. चांगलेच झाले. पण त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी कंपनीची पुरेशी तयारी नव्हती. विमानतळ जवळ आला तरी विमान उडेलच असे नाही.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे, पण बोलली पाहिजे. आपल्या वस्त्यांमध्ये 'इंटरनॅशनल' स्पर्धेच्या नावाने पैसे मागणाऱ्या खाजगी संघटना फिरतात. नेपाळ, थायलंड, मलेशिया अशी नावे असतात. पालक कर्ज काढून पैसे भरतात, मूल पदक घेऊन येते, बॅनर लागतो. पुढे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र तपासायला दिले की कळते, ती संघटना मान्यताप्राप्तच नाही. अशा ठिकाणी पहिले तिकीटसुद्धा काढू नये.

'उशीर तर श्रीमंतांनाही होतो'

यावर एक आक्षेप घेतला जातो. विमान उशिरा आले तर ते सगळ्यांसाठीच उशिरा येते, त्यात जात-वर्ग कशाला आणता? जून-जुलै २०२४ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकलेला भारतीय क्रिकेट संघसुद्धा बेरिल वादळामुळे बार्बाडोसमध्ये अडकला होता. बरोबर आहे. पण त्यांना आणायला खास विमान गेले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. वादळ एकच असले तरी त्यातून बाहेर पडण्याचे मार्ग किती वेगवेगळे असतात, एवढेच त्यातून दिसते.

दुसरा आक्षेप असा, की आपल्या वस्तीत पाणी, शाळा, नोकरी हे प्रश्न असताना परदेशी स्पर्धेचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण खेळ हा आपल्या अनेक मुलांसाठी रेल्वे, पोलीस, सैन्य, बँक इथल्या नोकरीचा रस्ता आहे. खाशाबा पुढे पोलीस खात्यात गेले, स्वप्नील रेल्वेत होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे एक वैध प्रमाणपत्र एका कुटुंबाची पिढी बदलू शकते. त्या रस्त्यावर एका चुकलेल्या विमानाने माघारी फिरावे लागू नये, ही मागणी चैनीची नाही.

मग करायचे काय?

काही गोष्टी सरकारकडे मागायच्या आहेत, काही आपल्या मंडळांनी आणि विहारांनी स्वतः करायच्या आहेत.

पहिली गोष्ट फाईलची. राज्य पातळीवर पोहोचलेल्या प्रत्येक खेळाडूचा पासपोर्ट निवड होण्याची वाट न बघता काढून ठेवावा. विहारात महिन्यातून एक रविवार कागदपत्र दुरुस्तीसाठी ठेवता येईल. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला यांवरची नावे जुळवण्याचे काम संगणक वापरता येणारे दोन तरुण करू शकतात.

दुसरी गोष्ट तिकिटाची. शक्य तिथे संपूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरवर काढावा. तसे असेल तर पहिले विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. स्पर्धेच्या किमान दोन-तीन दिवस आधी पोहोचायचे नियोजन हवे. प्रवास विमा काढताना उशीर आणि चुकलेले जोड-विमान त्यात आहे का, ते वाचावे.

तिसरी गोष्ट हक्कांची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. चोवीस तासांपेक्षा जास्त उशिरासाठी राहण्याची सोयही मागता येते. खराब हवामानात भरपाईची रक्कम मिळत नाही, हे माहीत असावे. पण उशिराचे लेखी प्रमाणपत्र कंपनीकडून मागून घ्यावे, कारण विम्याच्या दाव्यासाठी आणि स्पर्धेच्या संयोजकांपुढे तोच पुरावा असतो.

चौथी गोष्ट निधीची, आणि हीच आमची मुख्य मागणी आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या अंदाजपत्रकात क्रीडा विभागासाठी तरतूद असते, मागासवर्गीय कल्याणासाठीही निधी राखून ठेवायचा असतो. खेळाडूंना मिळणारी मदत आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा स्पर्धा संपल्यावर, बिले जोडल्यावर येते. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत त्यालाच अशी मदत घेता येते. म्हणून मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झालेल्या खेळाडूला प्रवासापूर्वी रक्कम मिळावी आणि वाटेत अडचण आल्यास ४८ तासांत वापरता येईल असा छोटा आकस्मिक निधी दोन्ही महापालिकांनी ठेवावा. रक्कम मोठी नाही. एका सत्कार सोहळ्याच्या मंडपापेक्षा ती जास्त नसेल. गेल्या पाच वर्षांत किती खेळाडूंना, कधी आणि किती मदत दिली, हे माहिती अधिकारात विचारण्यापासून आपण सुरुवात करू शकतो.

पाचवी गोष्ट जबाबदारीची. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे, महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडू आणि महिलांना जागा आहेत. अधिकाऱ्याने यादी उशिरा दिली, नाव नोंदवले नाही, म्हणून संधी गेली तर त्याचा जाब विचारण्याची जागा आता कायद्यात आली आहे. ती वापरली गेली तरच तिला अर्थ आहे. आणि तिथे दाद मागणारा पहिला खेळाडू एखाद्या वस्तीतला असेल, तर त्याच्यासोबत वकील आणि कार्यकर्ते उभे राहिले पाहिजेत.

२०२६ मध्ये जुलै-ऑगस्टला ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा आहे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला जपानमधल्या आइची-नागोयाची आशियाई स्पर्धा. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे आणि २०३६ च्या ऑलिम्पिकचे यजमानपद मिळवण्याची तयारी देश करतो आहे. त्यासाठी स्टेडियम बांधली जातील, रस्ते होतील, हजारो कोटी खर्च होतील. त्या हिशेबात वस्तीतल्या खेळाडूच्या दुसऱ्या तिकिटाची एक ओळ आजही नाही. ती लिहून घेण्यासाठी आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे निवेदन घेऊन जायला फार मोठी संघटना लागत नाही. एक विहार, एक क्रीडा मंडळ आणि वीस सह्या पुरेशा आहेत.